भरल्या रांजणाशेजारी

केतकी खराडेला आपल्या सोवळ्याचा फार अभिमान होता. डीएनएच्या प्रयोगशाळेत कसलं आलंय सोवळं, असं कुणी म्हणेल. पण मिरजेच्या प्राचीन धान्य संस्थेत तळमजल्यावरच्या त्या पांढऱ्या खोलीला शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे 'सोवळ्याची खोली'च म्हणत, आणि त्यात चेष्टा होती तितकंच तथ्यही होतं. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, वर डोक्यापासून पायापर्यंत कागदी अंगरखा चढवून आत जायचं. बोलायचं कमी, शिंकायचं तर नाहीच. आणि ज्या धान्यावर काम चालू असेल, ते धान्य घरातसुद्धा शिजवायचं नाही, खायचं नाही, कुणी प्रेमाने दिलं तरी हात लावायचा नाही.

कारण साधं होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या जळक्या दाण्यात डीएनए उरतो तो नावाला, आणि बाहीला चिकटलेल्या आजच्या पिठात तो उदंड. त्या पिठाचा एक कण आत गेला की यंत्र बिचारं आजचंच धान्य प्राचीन म्हणून वाचून दाखवणार आणि जगभर हसं होणार. खाण्याचा नियम केतकीनेच घातला होता. हाताखालची पोरं पाठीमागे तिला 'सोवळ्याच्या आजी' म्हणत. चाळिशीही न गाठलेल्या केतकीला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

चिंचघाटचा रांजण याच खोलीत आला.

चिंचघाट म्हणजे माणदेशातलं उजाड गाव. गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं, म्हणजे जुनी वस्ती मातीखाली गेलेली जागा. ते खणत होते डॉ. फिरोज मुजावर. संस्थेचे उत्खननप्रमुख. माणूस बोलायला मऊ, पण सापडलेल्या वस्तूचा अर्थ लागला नाही की त्याला जेवण गोड लागत नसे. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"केतकी, घर सापडलंय. जमिनीत अर्धा पुरलेला रांजण आहे, काठोकाठ हरीक भरलेला. वरून मातीने लिंपलाय. आणि त्याच्याभोवती पाच माणसं."

"पुरलेली?"

"नाही. झोपलेली. एका ओळीत, कुशीवर, गालाखाली हात. आणि हाडं बघशील तर... उपासमारीच्या रेघा आहेत गं सगळ्यांच्या. लहान पोराच्यासुद्धा. भरल्या रांजणाशेजारी माणसं उपाशी मेली. लिंपण फोडलेलंसुद्धा नाही."

"साथ आली असेल एखादी."

"साथीत माणूस असा झोपत नाही," मुजावर म्हणाले. पण दुसरा कुठला अर्थ त्यांनाही लागेना. अहवालात शेवटी साथ असंच लिहिलं गेलं.

केतकीला हाडांशी कर्तव्य नव्हतं, तिला दाणे हवे होते. हरीक म्हणजे कोद्रा. गरिबाचं बारीक धान्य, आता कोकणात आणि घाटमाथ्यावर कुठेकुठे उरलेलं. रांजणातले दाणे किडू नयेत म्हणून कुणीतरी हलके भाजून ठेवले होते. पुरा जळलेला दाणा म्हणजे नुसता कोळसा, त्यात वाचायला काही उरत नाही. कच्चा दाणा कुजून जातो. हे दाणे मधल्यामध्ये राहिले होते, म्हणून टिकले होते.

जुना डीएनए सलग कधीच मिळत नाही, त्याच्या चिंध्या मिळतात. कोट्यवधी चिंध्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त तर मातीतल्या जिवाणूंच्या आणि बुरशीच्या. नवं यंत्र त्या सगळ्या वाचतं, मग केतकीने लिहिलेली चाळणी त्यांच्यावर चालते. वनस्पतीची चिंधी असेल ती ठेवायची, बाकीचा कोंडा टाकून द्यायचा. उरलेल्या चिंध्या जोडून गोधडी शिवायची. ती चाळणी इतकी नामी होती की परदेशातल्या प्रयोगशाळाही तीच वापरायच्या.

गोधडी पुरी झाली तेव्हा सगळी संस्था उभी राहून टाळ्या वाजवत होती. चिंचघाटच्या हरकात अशी काही जनुकं होती की पाण्यावाचून ते पीक महिनोन्‌महिने तग धरत असावं. आजच्या हरकात ती नव्हती, कधीतरी वाटेत गळून गेली होती. आता जनुकं उचलून दुसऱ्या रोपात बसवणं ही काही नवलाई राहिलेली नाही. ती आजच्या हरकात बसवली. लागोपाठ चौथं वर्ष कोरडं चाललं होतं, बाजरीसुद्धा माना टाकत होती, आणि चिंचघाटचा हरीक भर उन्हात हिरवागार डोलला. बियाणं हातोहात पसरलं. दोन हंगामांत सातारा, सांगली, सोलापूर करत ते पार नगरच्या पुढे गेलं.

नियमाप्रमाणे स्वतः एक दाणाही न चाखता केतकीने त्यातलंच एक पोतं आप्पांना नेऊन दिलं.

आप्पा म्हणजे तिचे वडील. आटपाडीच्या डेपोत एसटीच्या गाड्या दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला, खाण्यातला दर्दी माणूस. रस्सा चांगला मिळतो म्हणून कळलं की सायकल काढून शेजारच्या तालुक्यात जाणार. आई सुगरण होती, तरी मिठावरून दोघांचं रोज वाजायचं. आई गेली आणि भांडायला कुणी उरलं नाही. आप्पा ताट पुढे घेऊन बसायचे आणि रडायचे. केतकीने बाई ठेवली, डबा लावला, मिरजेला चला म्हणून पाया पडून झालं. ते हलेनात. फोनवर नुसते हुंकार भरायचे. आईच्या पाठोपाठ हेही जाणार, या भीतीने ती दर फोनला दचकायची.

नव्या हरकाने जादू केली. पंधरवड्यात आप्पांचा आपणहून फोन आला.

"केतके, आगं डायव्हर नसलेली एसटी आली आज स्टँडात! म्या म्हणलं, बाई, तुझं पोट दुखाय लागलं तर सांगणार कुणाला?" आणि खो खो हसले.

केतकीने देवापुढे साखर ठेवली. आपल्या विद्येने आपला बाप परत आणला, असं तिला वाटलं, आणि त्या आनंदात ती चार महिने कामाला जुंपून राहिली. फोनवर आप्पा रोज हसत होते. आणखी काय हवं?

आईच्या श्राद्धाला ती आटपाडीला गेली. वांग्याची भाजी, आमटी, खीर, सगळं स्वतः करून नेलं होतं. आप्पा ओसरीवर बसले होते. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. गालफडं बसली होती. चेहरा मात्र असा की नुकतीच काहीतरी गोड बातमी ऐकली असावी.

"आलीस व्हय? बस की."

"आप्पा, किती वाळलाय तुम्ही! खाताय ना?"

"खातुय की. सकाळी मूठभर हरीक शिजवून घेतुय. दिवस जातुय त्याच्यावर."

आतल्या खोलीत तिने दिलेलं पोतं जवळजवळ तसंच होतं. त्याच्याशेजारी आणखी चार. परसात आईच्या अबोलीचे वाफे होते तिथे हरीक लावला होता, शेजारच्या पडीक जागेतही. एवढं कशाला, असं विचारल्यावर आप्पा म्हणाले, "उरलं. उरल्यावर पेराय नको?"

"आज आईची तिथी आहे, आप्पा."

"ठाव हाय की."

"मग काहीच केलं नाहीत?"

"कशापायी?" ते अगदी सहज म्हणाले. "गेली ती. सगळं आठवतंय मला, तिचं लुगडं, तिचं वरडणं. पर त्याचा काय तरास न्हाई आता."

केतकी उठली. ती आत गेली, ताट वाढलं, आणि वाढताना तिला एक सुचलं. थोडी आमटी तिने वेगळ्या भांड्यात घेतली, तिच्यात दोन मुठी मीठ ओतलं, ढवळलं आणि वाटी आप्पांच्या पुढे ठेवली. आईने चिमूटभर जास्त घातलं तर ताट सरकवणारा हा माणूस. तो आता खवळेल, वाटी आपटेल, मग आपण दोघं मिळून आईच्या नावाने पोटभर रडू, असं तिला वाटलं. तेवढीच तिची आशा होती.

आप्पांनी वाटी तोंडाला लावली. दोन घोट घेतले. ओठ पुसले.

"ब्येस झालीया," ते म्हणाले आणि वाटी खाली ठेवली. "तू जेव."

ती पुढची दारं धडाधड ढकलत बाहेर आली. दुपारचं ऊन तापलं होतं. गल्लीत घरोघरी ओसरीवर माणसं बसली होती. हडकुळी, शांत, प्रसन्न. तिच्याकडे बघून सगळ्यांनी मान हलवली. कोपऱ्यावरची खानावळ बंद होती. जेवणाच्या वेळेला सबंध गल्लीत एकाही घरातून फोडणीचा वास येत नव्हता. एक कुत्रं मात्र उकिरड्यावर काही मिळेना म्हणून केकाटत होतं, आणि त्या सगळ्या गल्लीत तेवढंच तिला जिवंत वाटलं.

ती तशीच मिरजेला आली आणि सोवळ्याची खोली उघडली. रांजणाच्या दाण्यांचं जुनं वाचन काढलं आणि या वेळी चाळणी बंद केली.

कोंड्यात ती होती. एक बुरशी. रांजणातल्या प्रत्येक दाण्यात, दाण्याच्या अगदी गाभ्यात. रांजणाबाहेरच्या मातीत तिचा मागमूस नव्हता. म्हणजे ती वरून लागलेली घाण नव्हतीच, ती त्या धान्याची सोबतीण होती. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून केतकीने जन्मभर जीव टाकला, आणि जे मुळातच आतलं होतं ते तिने स्वतःच्या हाताने झाडून टाकलं होतं.

पुढचं कोडं उलगडायला वेळ लागला नाही. आजच्या हरकाच्या अंगावरही ही बुरशी कधीमधी वस्तीला असते. कोकणातली माणसं नवा हरीक खाल्ला की गुंगी येते म्हणतात ती तिचीच. पण ती बाहेरबाहेर असते, दाण्याच्या आत तिला थारा नाही. चिंचघाटच्या जनुकांनी तो थारा दिला. दुष्काळात तग धरण्याचं रहस्यही तेच, ओल धरून ठेवायची ती बुरशीच. बदल्यात झाड तिला दाण्यात राहायला जागा द्यायचं. आणि ती बुरशी एक द्रव्य तयार करायची. माणसाच्या मेंदूत भूक जिथे जागी होते तिथे जाऊन ते बसतं. नुसती पोटाची भूक नाही. काही हवंसं वाटणं, काही नकोसं वाटणं, कुणाची आठवण येऊन जीव तुटणं, सगळं त्याच चुलीवर शिजतं. ती चूलच विझते.

जे धान्य भूक मारतं ते कमी खाल्लं जातं. कमी खाल्लं की उरतं, उरलं की पेरलं जातं. यात कुणाचा कावा नाही, बुरशीला डोकं नाही. पण साडेतीन हजार वर्षांपूर्वी हा हिशेब इतका बिनचूक जमला होता की माणसं भरल्या रांजणाशेजारी सुखाने झोपी गेली. मग कुठेतरी, कधीतरी, भुकेल्या राहिलेल्या माणसांनी बुरशीला आत न घेणारं बी निवडून निवडून तो दरवाजा लावून घेतला असणार. केतकीने तो उघडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. संचालक सोनटक्के मॅडम, विभागांचे प्रमुख, टेबलाच्या टोकाला मुजावर. केतकीने सगळं मांडलं. बोलताना तिचा आवाज चढला. समोरची माणसं लक्ष देऊन ऐकत होती. मध्ये चहा-वडे आले. वड्यांना कुणी हात लावला नाही. ते गार झाले, त्यांच्याभोवती तेल थिजलं.

"उत्तम काम," मॅडम म्हणाल्या. "शंका घ्यायला जागाच नाही."

"मग बियाणं परत मागवायचं ना? आजच जाहीर करायला हवं!"

"करू ना. एवढी पेरणी होऊन जाऊ दे."

"मॅडम, माणसं मरतील!"

"कुणाची तक्रार आली आहे का, केतकी?" मॅडमनी अगदी मायेने विचारलं. कुणाचीच आली नव्हती. तेच तर होतं.

भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथे कुणीच नव्हतं. कुणी ओरडलं नाही, कुणी तिला खोटं पाडलं नाही. मुजावर तिला दारापर्यंत पोचवायला आले. त्यांची मनगटं काटकीसारखी झाली होती.

"सर, तुम्हीसुद्धा?"

"चवीला चांगलं आहे गं," ते म्हणाले. "आणि एक सांगू? ती पाच माणसं अशी का झोपली होती, ते इतकी वर्षं मला छळायचं. आता कळलं. बरं वाटलं."

केतकीने वर्तमानपत्रांना कळवलं, डॉक्टरांना कळवलं, ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. जे हरीक खात नव्हते ते घाबरले, पण असे दिवसेंदिवस कमीच होत होते. शेवटी तिने ठरवलं, जग राहू दे. आप्पांना ती जाऊ देणार नव्हती. गाडी करून ती आटपाडीला गेली आणि त्यांना उचलून मिरजेला घेऊन आली. उचलूनच म्हणायचं, वजन राहिलंच कुठे होतं? ते यायला नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

मग सुरू झालं ते फार कठीण होतं. घरात हरकाचा दाणा नाही. ती त्यांना लापशी भरवायची, डाळीचं पाणी पाजायची. ते गिळायचे, तिचा शब्द राखायचा म्हणून. द्रव्य अंगातून उतरायला किती काळ लागेल ते तिला ठाऊक नव्हतं, उतरेल की नाही हेही नाही. आठवडे गेले. आप्पा खिडकीत बसून प्रसन्नपणे रस्ता बघायचे. आणि समोर रस्त्यावर मंडई ओस पडत चालली होती. आधी भाजीवाल्या कमी झाल्या, मग मटणाचं दुकान बंद झालं. बंद करताना दुकानदार हसत होता.

एका सकाळी केतकी अंगणात कपडे वाळत घालत होती आणि घरातून किंकाळी आली. ती धावली. आप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, पोट आवळून धरलं होतं, आणि ढसाढसा रडत होते.

"गेली गं! केतके, तुझी आई गेली! आन म्या... म्या तिचं श्राद्ध न्हाई घातलं! हसत हुतो म्या!"

त्यांनी डोकं जमिनीवर आपटलं. केतकीने त्यांना मिठीत घट्ट धरलं. आपला बाप एवढ्या वेदनेत असताना आपल्याला असा आनंद व्हावा याची तिला लाज वाटली, पण तो झाला, आणि तीही हमसून हमसून रडली. बऱ्याच वेळाने आप्पांनी नाक ओढलं. कातर आवाजात म्हणाले, "भूक लागलीया गं. लई भूक लागलीया."

तिने तवा टाकला. भाकरी थापली, लसणाची खमंग फोडणी दिली, पिठलं टाकलं. मिरचीचा खकाणा उठला, दोघांना ठसका लागला. आप्पा रडत होते आणि खात होते, नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हात थांबत नव्हता.

दार वाजलं. शेजारच्या हुक्केरी वहिनी होत्या. एके काळी या बाईंच्या हातची येळवणीची आमटी सगळ्या गल्लीत वाटली जायची. आता कुंकवाखाली कपाळाचं हाड वर आलं होतं. हातात झाकलेली वाटी होती.

"कुणी रडतंय म्हणून आले," त्या म्हणाल्या. "केवढा त्रास होतोय गं त्यांना. म्हाताऱ्या माणसाला का छळतेस? हे थोडंसं दे. दोन घास पुरतात."

केतकी दारात आडवी उभी राहिली. "नको, वहिनी."

"तुला विचारत नाही. त्यांना विचार."

त्रास आप्पांचा होता. जन्मभर पुरेल एवढा होता. तो त्यांच्या गळ्यात परत तिने बांधला होता, त्यांना न विचारता. ती वळली, बाजूला झाली.

आप्पा उठून आले. त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं, आतला मऊ, पांढुरका, वाफाळता हरीक बघितला. त्यांचा हात पुढे झाला. बोटं हरकावर टेकली. केतकीने डोळे मिटले.

"वहिनी," तिला आप्पांचा आवाज ऐकू आला, फाटलेला, रडून बसलेला. "ह्ये खाल्लं की माझं दुखणं जाईल. पर ते दुखणं म्हंजीच माझी मंडळी हाय. दुसरं काय ऱ्हायलंय तिचं माझ्यापाशी?" त्यांनी झाकण परत ठेवलं. मग जुन्या सवयीने, दारात आलेल्या माणसाला विचारतात तसं विचारलं, "जेवताय का? बसा की. पोरीनं गरम भाकरी केलीया."

हुक्केरी वहिनी नाही म्हणाल्या नाहीत. त्या आत येऊन पाटावर बसल्या. केतकीने त्यांना ताट वाढलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात घातला, आणि कितीतरी वेळ तो तसाच तोंडात धरून बसल्या. तो गिळायचा कशासाठी, ते त्यांना आठवत नव्हतं.